खड्ड्याची खोली

रस्ते खात्याच्या साहेबांनी फोटो परत ढकलला. "यात खड्डा वीतभर दिसतोय. एवढ्यात पडून माणूस मरतो होय?"

फोटोग्राफर बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच खड्ड्यात तिची थोरली बहीण गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने कलत्या उन्हात, काठावर माणूस उभा करून पुन्हा फोटो काढला.

"अजूनही अंदाज येत नाही हो," साहेब म्हणाले.

मग ती स्वतःच शिडी लावून खाली उतरली, तळाशी उताणी झोपली आणि कॅमेरा वर धरला.

नव्या फोटोत चहूकडे मातीच्या भिंती होत्या आणि दूर वर ताटलीएवढं आभाळ. साहेब चपापले. "हे काय?"

"ताईनं शेवटचे दोन तास हेच पाहिलं." तिने फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. "आता तुम्ही बघा. रोज."