पेट्रोलचं काय ठरलं?

"आप्पा, आता शेवटचं सांगतो," हातातला पाना बाकावर आपटून प्रसेनजीत म्हणाला. "तिन्हीतल्या एकावर बोट ठेवा. कशावर बी ठेवा. पर ठेवा!"

ईरप्पा स्टुलावर निवांत बसले होते. त्यांनी भडंगाची पुडी पुढे सरकवली. "खा आधी. आन् त्या डबीचं परत एकदा सांग की. ती गाडीच्या कॉम्प्युटरला फसवती म्हंजे नेमकं काय करती?"

प्रसेनजीतने कपाळाला हात लावला. दर शनिवारी हेच! उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजात ती पांढरी एस्टीम गाडी दिवाळीपासून अर्धी जागा अडवून उभी होती. इंजिनाला टर्बो बसला होता, पाइपा जोडून झाल्या होत्या. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, तेव्हा पेट्रोलही त्याच बेताने जादा जायला हवं, नाहीतर पिस्टन जळतात. तेवढंच काय ते राहिलं होतं. स्वस्तात भागवायचं तर साधा रेग्युलेटर होता, हवेचा दाब वाढला की पेट्रोलचाही दाब वाढवणारा. त्याहून थोडी महाग ती डबी, जी कंपनीच्या कॉम्प्युटरला चकवून जास्त पेट्रोल सोडायला लावते. नाहीतर मग सुटे भाग परदेशातून मागवायचे आणि अख्खा नवा कॉम्प्युटर आपणच जोडायचा. हे त्याने ईरप्पांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता त्याला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला होता. ईरप्पा मान डोलवायचे, "पोराला इचारतो" म्हणून उठायचे आणि पुढच्या शनिवारी नवी शंका घेऊन हजर. रेग्युलेटर घेऊ म्हटलं, की डबीत काय वाईट? डबी घेऊ म्हटलं, की कॉम्प्युटर का नको?

गाडी त्यांच्या मुलाची, वीरेशची. टर्बोही त्यानेच मुंबईच्या भंगार बाजारातून उचलून आणलेला. ईरप्पांनी तो आपल्या लोखंड ओतायच्या फौंड्रीच्या आवारात भिरकावून दिला होता आणि सगळ्या कामगारांदेखत पोराला सुनावलं होतं, "ही खेळणी बंद कर, न्हायतर घर सोड." पोराने त्यातलं दुसरं ऐकलं. तो थेट कॅनडाला गेला. मग एक दिवस हेच म्हातारबा तो टर्बो पोत्यात घालून गॅरेजात आले, "गाडीला बसवून दे" म्हणाले, तेव्हा प्रसेनजीतला कोण आनंद झाला होता!

कारण त्याचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. पुढच्या महिन्यात गगनबावड्याच्या घाटात चढणीची शर्यत होती. आपल्या हाताने टर्बो बसवलेली गाडी घेऊन, तिच्या दारावर आपल्या गॅरेजचं नाव रंगवून त्याला तो घाट चढायचा होता. ईरप्पांनी गाडी द्यायला एका शब्दात होकार दिला होता. नावनोंदणी सोमवारी बंद होणार होती. आणि लोखंडाचा सौदा उभ्या उभ्या ठरवणारा हा फौंड्रीवाला एका रेग्युलेटरपाशी अडून बसला होता.

"पोराला इचारतो," म्हणत ईरप्पा उठले.

"चिक्कू म्हातारा! खर्चाचं जिवावर आलंय, दुसरं काय," प्रसेनजीत तोंडातल्या तोंडात पुटपुटला. रविवारी सकाळी तो शिवाजी पेठेत त्यांच्या घरीच गेला. आज काय ते वदवून घ्यायचं, नाहीतर गाडी ढकलत आणून यांच्या दारात लावायची, असं ठरवूनच.

दार उघडं होतं. ईरप्पा फोनवर बोलत होते. त्यांची बायको, गौराबाई, रिसीव्हरला पाठीमागून कान लावून बसली होती.

"व्हय रं, पर उन्हाळ्यात ती डबी तापली तर?" ईरप्पा विचारत होते. पलीकडून वीरेशचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. डबी कुठं बसवायची, वायर कुठली कापायची, सगळं तो घाईघाईने, हौसेने सांगत होता. ईरप्पांना त्यातलं ओ की ठो कळत नसावं. तरी ते "बरं, बरं" म्हणत होते. "आन् कॉम्प्युटर घेतला तर रं?" पुन्हा तिकडून पट्टा सुरू. मध्ये वीरेश श्वास घ्यायला थांबला. तेवढ्यात ईरप्पांनी हळूच विचारलं, "जेवलास काय?"

"जेवलो की, आप्पा." आणि पुन्हा कॉम्प्युटर.

गौराबाईंनी पदराने डोळे टिपले. फोन ठेवल्यावर ईरप्पांना दारातला प्रसेनजीत दिसला आणि ते ओशाळले.

"आईसंगं तेवढं बोलायचा. मी फोन घेतला की ठेवून द्यायचा," ते म्हणाले. "ही गाडी कामाला काढली तवापास्नं माझ्याशी बोलाय लागलाय. पेट्रोलचं ठरलं की गाडी चालू व्हणार. मग त्याला काय इचारू रं मी?"

 प्रसेनजीतला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते मात्र कळेना. घाटातली वळणं डोळ्यांपुढून हलत नव्हती, रंगवलेलं दारही. तो तिथंच उंबऱ्यावर बसला. गौराबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

"न्हाय, तुझं बी खरं हाय," ईरप्पाच शेवटी म्हणाले. "तुझी शर्यत हाय. चल, रेग्युलेटर घ्यूया. ठेवलं बघ बोट."

प्रसेनजीतने गार चहा एका घोटात संपवला आणि कप खाली आदळला.

"एवढी घाई कशाची झालीया, आप्पा?" तो वैतागून ओरडला. "अजून पेट्रोल फवारणाऱ्या जादा इंजेक्टरचा चौथा प्रकार हाय. त्याचं इचारलंय का वीरेशला?"