एक घंटी कमी

"आज पुन्हा वाजलं," जुन्या पडक्या देवळाच्या तिकिटखिडकीतून मारिगो म्हणाली. "देवळात चिटपाखरू नाही, आणि आत भर दुपारी कुणीतरी डबडी बडवतंय."

आर्गिरो रविवारचं सांगायला आली होती. तिचा मुलगा फोतिस मोटरसायकलसकट दरीत गेला त्याला सहा महिने होत होते. चर्चमध्ये त्याच्या नावाने गहू शिजवून वाटायचे होते. तिने ते सांगितलं, आज ऊन फार आहे असं सांगावं तसं.

"येईन की," मारिगोचा आवाज खाली आला. मग शांतता सोसेना म्हणून तीच पुन्हा सुरू झाली. "अथेन्सहून साहेब आला होता, यंत्रं घेऊन. म्हणे, दगड तापतात आणि वाजतात. अडीच हजार वर्षं काय सावलीत होते का दगड? आपले पाद्रीबाबा म्हणतात, जुन्या देवांना झोप लागत नाही. त्यांना स्वतःला मात्र मस्त लागते, दुपारी दार ठोठावून बघ."

तेवढ्यात वरून आवाज आला. बोदा, एकात एक मिसळलेला. थांबला, पुन्हा आला.

शंभर पोरांत आपलं पोर खोकलं तरी आईला कळतं. आर्गिरोला कळलं. त्या फोतिसच्या शेळ्यांच्या घंट्या होत्या. बाजारात एकेक घंटी गुडघ्यावर आपटून, कानाला लावून त्याने निवडलेली. कळप अजून डोंगराच्या वळणापलीकडे असला तरी कुणाचा ते गावाला कळायचं.

मेंढपाळाच्या घरात माणूस गेलं की कळपाच्या गळ्यातल्या घंट्या वर्षभर उतरवतात. शेळ्यासुद्धा सुतक पाळतात. तिच्या नवऱ्याने, थिमिओसने, मातीहून परतल्यावर त्या स्वतः काढल्या, पोत्यात भरल्या, माळ्यावर टाकल्या. तेव्हापासून तोही बोलेनासा झाला. घरात दोघं जेवायची, ताटल्या धुवायची, दिवा मालवायची. आर्गिरो रडली नव्हती. बाई खंबीर आहे, असं गाव म्हणायचं. खंबीर कसली. आत काही हलतच नव्हतं.

ती तिकिटघराला वळसा घालून शेळ्यांच्या वाटेने वर गेली आणि कुंपणाच्या भोकातून आत शिरली.

देवळाच्या मागच्या अंगाला, दुपारी कळप जिथे सावलीला बसायचा तिथे, थिमिओस होता. दुरुस्तीसाठी उभ्या केलेल्या लोखंडी पाइपांना त्याने दोरी बांधली होती आणि दोरीवर घंट्या ओवल्या होत्या. त्याने दोरी ओढली. कान दिला. मान हलवली. दोन घंट्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा ओढली.

बायको दिसली तरी तो दचकला नाही.

"जमत नाही," तो म्हणाला. सहा महिन्यांत त्याने तिच्याशी पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे.

"वर्ष नाही झालं अजून. गाव शेण घालेल तोंडात."

"म्हणून तर इथे आलो. हे कुणाचं घर नाही." त्याने मोठ्या बोकडाची घंटी हातात धरली. "ही आहे, म्हाताऱ्या शेळीची आहे, जुळ्यांच्या आहेत. तरी त्याचा कळप वाटत नाही. मी विसरत चाललोय, आर्गिरो. आज आवाज विसरलो, उद्या तोंड विसरेन."

आर्गिरोने दोरीवरच्या घंट्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "एक कमी आहे. लंगडीची."

"सगळा माळा पालथा घातला मी तिच्यासाठी."

"माहीत आहे. खालून ऐकत होते."

तिने काळ्या ॲप्रनच्या खिशातून छोटी घंटी काढली. पोत्याचं तोंड बांधायच्या आधी तिने ती उचलली होती. चुकूनही वाजू नये म्हणून आत चिंधी कोंबली होती. सहा महिने ती तशीच तिच्याबरोबर स्वयंपाकघरात, गोठ्यात, चर्चमध्ये फिरत होती.

"आणि बोलली नाहीस?"

"नाही."

तो रागावला नाही. त्याने हात पुढे केला. तिने घंटी दिली नाही. केसातला आकडा काढून ती चिंधी उकरत बसली. चिंधी घट्ट बसली होती, धागा धागा सुटून येत होती. शेवटचा धागा निघाला आणि घंटी तिच्या तळहातावर एकदा किणकिणली.

थिमिओस दोरीच्या मधोमध जागा करू लागला.

"तिथे नको," ती म्हणाली. "टोकाला. ती मागे राहायची, आणि तो तिच्यासाठी थांबायचा."

तिने स्वतः गाठ मारली. मग दोघांनी मिळून दोरी ओढली.

खाली तिकिटाच्या खिडकीशी एक परदेशी जोडपं उभं होतं. बाईने वर बोट दाखवून विचारलं, हा कसला आवाज?

मारिगो तापलेल्या दगडांचं सांगायला लागली आणि मधेच थांबली. तिने ऐकलं. मग छातीवर क्रूसाची खूण केली.

"काही नाही," ती म्हणाली. "फोतिसचा कळप घरी येतोय."

परदेशी बाईने डोंगराकडे पाहिलं. उतारावर एकही शेळी नव्हती. घंट्या मात्र वाजत होत्या, आणि सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा, एक बारीक घंटी येत होती.