साडेपाचशे ग्रेनचे सहा बाण

हेल्मीनं काउंटरवर ठेवलेले सहा बाण पाहून वायनोला हसू आलं. शाळेच्या उन्हाळी शिबिरातल्या मुलांसाठी मागवलेले होते ते, पोकळ आणि काडीसारखे हलके.

"अगं, हे ड्वेनला? यानं हरीण मरायचं नाही, त्याला गुदगुल्या होतील."

"हेच द्या, वायनोकाका," ती म्हणाली.

सुपिरियर सरोवराच्या काठावर वायनो हाक्कालाचं हे दुकान चाळीस वर्षं उभं होतं. ऑक्टोबरात धनुष्याचा हंगाम उघडतो. सप्टेंबर सरत आला की गावाला एकच वाद पुरतो, बाण हलका बरा की जड. तरण्या पोरांना हलका आवडतो. तो सुसाट जातो, आणि अंतराचा अंदाज पाच पावलं चुकला तरी खपून जातं. वायनो कट्टर जडवाला. हळू जाईना का, पण आवाज करत नाही, हाडाला अडत नाही, या बरगडीतून शिरतो तो त्या बरगडीतून निघतो. जनावर शंभर पावलांत आडवं होतं. हलका बाण अंगात घेऊन चार-चार दिवस दलदलीत कण्हणारी हरणं त्यानं पाहिली होती, आणि तसली शिकार करणाऱ्यांचा त्याला मनस्वी संताप यायचा.

हेल्मी त्याच्या वारलेल्या दोस्ताची मुलगी. नवऱ्याची, ड्वेनची, गिरणीत पाळी असली की सामानाला तीच यायची. आज तिच्या हातात ड्वेनची चिठ्ठी होती: सहा बाण, वजन वायनो ठरवेल. ड्वेन जन्माचा बंदूकवाला, पण यंदा जूनमध्ये त्यानं याच दुकानातून सत्तर पौंड ओढीचं धनुष्य नेलं होतं. वायनोला तेव्हा बरं वाटलं होतं. धनुष्य माणसाला सबुरी शिकवतं अशी त्याची समजूत, आणि ड्वेनला सबुरीची किती गरज आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. हेल्मी भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे सदरे घालायची. गाव तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघायचं, आणि खोटं कशाला बोला, वायनोही बघायचा.

त्यानं तिला नीट समजावून सांगितलं. सत्तर पौंडांच्या धनुष्याला साडेतीनशे ग्रेन वजनाच्या खालचा बाण लावायचाच नाही, आणि शिबिराचे हे त्याहून कितीतरी हलके. दोरी सुटली की तिचा जोर बाणानं घेऊन जायचा असतो. बाण किरकोळ असला तर तो जोर माघारी धनुष्यातच शिरतो. म्हणजे बाण न लावता नुसती दोरी सोडल्यासारखंच. धनुष्याची पाती तडकतात, ठिकऱ्या उडतात.

"मग ते दुरुस्त होतं?" तिनं विचारलं.

"कसलं दुरुस्त! भंगारात घालायचं. आणि ओढणाऱ्याचा डोळा गेला तर तोही परत येत नाही."

हेल्मीनं मान हलवली. बाण मात्र उचलून परत ठेवले नाहीत. तेव्हा वायनोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिला हे आधीच माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ती शिबिराच्या खोक्यापाशी गेली होती.

त्यानं उठून दुकानाचं दार लावलं.

"त्याला इजा व्हावी म्हणून नाही, काका," ती हळूच म्हणाली. "मला फक्त..."

"पुढचं बोलू नकोस. जे मी ऐकलंच नाही, त्याची साक्ष मला द्यावी लागणार नाही."

मग तोच बोलत राहिला, बाप बोलेल तसा. तुरुंगाचं सांगितलं, तिच्या बापाचं नाव काढलं, मार्केट शहरात बहीण आहे तिच्याकडे चार दिवस जाऊन राहा म्हणाला. नवरा कसाही असो, त्याला आंधळा करून तुला सुख लागेल का, असंही विचारलं. शिबिराचे बाण त्यानं तिच्यासमोरून उचलले आणि साडेपाचशे ग्रेनचे सहा काढले. वर खोक्यावर ठळक अक्षरांत ड्वेनला लिहून दिलं, की याहून हलका बाण या धनुष्याला कधी लावू नकोस, कुणी आणून दिला तरी. म्हणजे तीही वाट बंद. खोकं उचलताना ती थँक्यू म्हणाली.

त्या दिवशी वायनो पोटभर जेवला. एका पोरीला पापातून ओढून काढलं, असं त्याला खरंच वाटत होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेरीफचा माणूस, पेल्टो, टोपी हातात घेऊन दुकानात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतला बाण त्यानं काउंटरवर ठेवला आणि हा इथलाच का, असं विचारलं. वायनोनं लांबूनच ओळखला. कुणीतरी परक्याच्या रानात शिकार केली असणार, असं त्याला वाटलं.

पेल्टोनं थोडक्यात सांगितलं. हेल्मीनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं आणि दाराला पाठ लावून ती उभी होती. जाड पाइनचं दार. बाण दारातून गेला आणि तिच्यातूनही गेला. ड्वेन कोठडीत होता.

वायनोनं पिशवीतला बाण आपल्याकडे ओढला.

"तिला त्याचा घात करायचा होता, पेल्टो. शिबिराचे हलके बाण मागत होती, धनुष्य फुटावं म्हणून. मी दिले नाहीत. मी तिला..."

पेल्टो खिडकीबाहेर बघत राहिला.

"एप्रिलमध्ये कोर्टाच्या हुकमानं आम्ही त्याच्या सगळ्या बंदुका उचलून नेल्या," तो म्हणाला. "बोभाटा नको म्हणून पहाटेच गेलो होतो. ऑगस्टमध्ये ती चौकीवर आली, म्हणाली, आता ते धनुष्यही घेऊन जा. मी म्हटलं, बाई, हुकमात धनुष्य बसत नाही."