आतून उघडणारं छप्पर

जन्मभर लोकांची बिऱ्हाडं वाहणाऱ्या ड्रायव्हरकाका आज आपल्या पिकअपसाठी छप्पर निवडत होते. दुकानदार पत्र्याचं, कुलूपवालं छप्पर गळ्यात मारायला बघत होता आणि काका कापडीवर अडून बसले होते. बायको तर ताग्यामागून तागा उलगडून कापड गालाला लावून बघत होती.

"दोन्ही बाजूंना खिडक्या पाडा," काका म्हणाले. "खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी. आणि मागची चेन आतून उघडता आली पाहिजे."

"काका, माल काय उठून चेन उघडणार आहे?"

काकांचे कान लाल झाले. मग हिरवं की निळं यावर नवरा-बायकोची जुंपली आणि अर्थातच बायकोचं निळं ठरलं.

संध्याकाळी छप्पर चढलं. काकांनी गाडी सुरू केली आणि सवयीने तसेच थांबून राहिले. इतकी वर्षं माल भरून झाला की हमाल मागून गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायचे, मगच त्यांचा पाय ब्रेकवरून निघायचा. आज हमाल कुठून येणार? स्वतःशीच हसत त्यांनी गिअर टाकला, तेवढ्यात मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या.

जाळीतून बायकोचा आवाज आला, "अहो, गादी-उशांसकट माल भरलाय. आता समुद्र दिसेपर्यंत थांबू नका."