निहारला सोडायला

सेंगकांगच्या बस स्टॉपजवळ गाडीने आधी शिट्टीसारखा आवाज काढला आणि मग बॉनेटखालून वाफेचा लोट सोडला. विश्वासने ती कशीबशी कडेला घेतली. मागच्या बसने हॉर्न दिला.

"झालं," संजीवनी म्हणाली.

मागच्या सीटवर निहार मांडीवर सॅक घेऊन बसला होता. अठरा पूर्ण झाली होती आणि आज त्याला नॅशनल सर्व्हिससाठी हजर व्हायचं होतं. आईबापांनी पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेतला की मुलाला सिंगापूरच्या सैन्यातली ही दोन वर्षं चुकत नाहीत. पासिर रिसला जमायचं, तिथून टेकोंग बेटावर. आईवडिलांनाही सोबत नेतात, मुलांबरोबर जेवू घालतात आणि परत पाठवतात. मुलं तिथेच राहतात.

"टॅक्सीने जाऊ या, टॅक्सीने जाऊ या, म्हणून कालपासून कोकलतेय मी."

"अगं, आजच्यासाठी दिवस राखून ठेवला होता मी," विश्वास म्हणाला.

गाडी बासष्ट सालची स्टुडबेकर. जुनी म्हणून वेगळी नोंदवलेली, वर्षातून मोजकेच दिवस रस्त्यावर आणायची परवानगी. त्यातला एक दिवस त्याने मुलासाठी ठेवला होता आणि काल संध्याकाळभर तिला पॉलिश केलं होतं.

त्याने बॉनेट उघडलं. रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता. गॅरेजवाला महिन्याभरापूर्वीच म्हणाला होता, दुसरा बसवून देतो, उद्या घेऊन जा. पण विश्वासला ओरिजिनल हवा होता. तो ओहायोतल्या कुणा म्हाताऱ्याकडे सापडला होता आणि त्याचं पार्सल अजून वाटेत होतं. तोवर विश्वासने टेप गुंडाळली होती.

"टेप!" संजीवनीने कपाळावर हात मारला. "अरे, पोराला मिलिटरीत पोचवायला निघालास आणि टेप?"

एव्हाना बस स्टॉपवरची चार माणसं जवळ आली होती. दोघांनी फोटो काढले. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एका चिनी आजोबांनी विचारलं, ही कुठली गाडी? विश्वासने फडक्याला हात पुसले. त्याचा चेहरा उजळला. स्टुडबेकर, तो म्हणाला. अमेरिकन. पाच भाऊ होते, घरचा धंदा लोहाराचा. त्यातल्या एकाने कॅलिफोर्नियात सोनं शोधायला आलेल्या लोकांना हातगाड्या विकल्या आणि त्या पैशांवर...

निहारने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आई, बाबा आत्ता हातगाडीवर आहे. मोटारीपर्यंत यायला खूप वेळ आहे, ला," त्याने इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' जोडला.

संजीवनीने टोइंगवाल्याला फोन लावला, मग टॅक्सी बोलावली. तिचं होईपर्यंत विश्वास घोड्यांच्या बग्ग्यांवरून कारखाना बंद पडण्यापर्यंत पोचला होता. ऐन नाताळच्या तोंडावर, अंकल, विचार करा! तो सांगत होता. मग कॅनडात थोड्या बनल्या, आणि संपलं.

"विश्वास!"

ती एवढ्या जोरात ओरडली की आजोबाच दोन पावलं मागे सरले.

"टॅक्सी येतेय. येणार आहेस का तू?"

"तुम्ही दोघं व्हा पुढे. टोइंगवाला आला की मी मागून येतो. गाडी अशी रस्त्यात कशी सोडू?"

"मुलाला सोडवतं. गाडी सोडवत नाही."

विश्वासने बॉनेट खाली केलं. ते नीट लागलं नाही. त्याने पुन्हा उचललं, पुन्हा लावलं आणि हात तसाच त्यावर ठेवून उभा राहिला.

टोइंगचा ट्रक आणि टॅक्सी एकदमच आली. ट्रकवाल्याने विचारलं, कुठे न्यायची? विश्वासने त्याला गॅरेजचं नाव सांगितलं, किल्ली दिली आणि टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. ट्रकवाला गाडीला साखळी लावत होता, तेव्हा विश्वासने मागे वळून पाहिलं नाही. वाटेत संजीवनीने त्याला ओला टिश्यू दिला. त्याने तो नुसताच हातात धरला.

टेकोंगला ते वेळेत पोचले. हॉलमध्ये पुढे मुलं, मागे घरचे. विश्वासच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ त्याच्या शर्टावरचे तेलाचे डाग बघून म्हणाले, "ती बस स्टॉपवरची जुनी गाडी तुमचीच का? आम्ही पाहिली येताना. कुठली?"

संजीवनीने डोळे मिटून घेतले.

"अमेरिकन," विश्वास म्हणाला. "आता बनत नाही."

आणि पुढच्या रांगांत निहारला शोधू लागला.

शपथ झाली. मग एक तरुण ऑफिसर माइकवर आला. पहिले काही दिवस मुलं घरी येणार नाहीत, काळजी करू नका, असं सांगून त्याने विचारलं, कुणाला काही विचारायचंय? एका बाईंनी औषधांचं विचारलं. कुणीतरी फोनचं. तेवढ्यात संजीवनीच्या शेजारी खुर्ची वाजली. विश्वास उभा राहिला होता.

"बस खाली," ती दातओठ खात पुटपुटली आणि तिने त्याच्या शर्टाचं टोक पकडलं.

"सर," विश्वास म्हणाला. त्याचा आवाज हॉलभर गेला. "रात्री झोपताना पंखा असतो का?"

मुलांमध्ये हशा पिकला. चौथ्या रांगेत निहारचे कान लाल झाले.

"असतो, सर."

"रात्रभर चालू असतो?"

"रात्रभर, सर."

"नाही, त्याला पंख्याशिवाय..." विश्वास म्हणाला. तो उभाच राहिला.

संजीवनीने शर्ट ओढला नाही. नुसता धरून ठेवला.