टाचेची बाहेरची कड

शाळेतल्या बाईंच्या चपलेची टाच बाहेरच्या कडेनं झिजू लागली, तेव्हा डॉक्टरांआधी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या चप्पलवाल्यानं सांगितलं होतं, “बाई, गुडघे दाखवून घ्या.” चप्पल शिवून होईपर्यंत बाई त्याच्या खोक्यावर गप्पा मारत बसायच्या. आज चप्पल घेऊन सून आली. “टाच बदलायचीय त्यांना. मांडीतली ताकदच गेलीय, सहा महिने उंबरा ओलांडला नाही.” “मग झिजली कशी?” “चप्पल घालून दिवसभर खुर्चीत बसतात, फरशीवर पाय घासतात. विचारलं तर म्हणतात, व्यायाम आहे.” गेल्या खेपेला बसवलेल्या टाचेवरून त्यानं अंगठा फिरवला. बाहेरची कड शाबूत; मधोमध मुद्दाम घासल्याचे ओरखडे होते. रिकाम्या खोक्याकडे पाहत त्यानं हत्यारं पिशवीत भरली. “माप पायावरच घ्यावं लागेल. कितवा मजला?” “तिसरा. जिना चढवेल तुम्हाला?” “बघू,” म्हणत तो स्वतःच्या गुडघ्यांवर हात रेटून उठला.