दीपगृहावरचा फोटो

तटबंदीवरच्या जुन्या दीपगृहात लग्नाचे फोटो काढायचे, हे मुलीने ठरवूनच टाकलं होतं.

"बाबांच्याने काही गुडघ्यांमुळे चढवणार नाही. उगाच सगळ्यांचा खोळंबा," तिने फोटोग्राफरला सांगितलं. "त्यांचा इथेच खुर्चीत बसवून एक काढा आणि नंतर आमच्या शेजारी चिकटवा."

बाबा समोरच बसले होते.

"पण तिथे बाहेरच्यांना आत सोडत नाहीत ना?" फोटोग्राफरने विचारलं.

"परवानगी आलीये. बाबा, तो कागद दाखवा यांना."

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. "तीस वर्षं इथला दिवा सांभाळलेले निवृत्त कर्मचारी स्वतः हजर असतील, तरच प्रवेश."

मग त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला.

"तुम्ही बागेत काढा गं फोटो. बाग काय, कोणालाही उघडी असते."